नोट ‘सॉइल्ड’ की ‘म्युटिलेटेड’?

पाचशेच्या दोन नोटा समोर ठेवू. पहिली मध्यावर फाटून तिचे दोन तुकडे झालेत, ते चिकटपट्टीने जोडलेत आणि पट्टीच्या कडेला धूळ बसून काळी रेघ उमटली आहे. दुसरी नवी कोरी, कडक, पण तिचा एक कोपरा उंदराने कुरतडून नेला आहे. भाजीवाल्या मावशींपासून सिटी बसच्या कंडक्टरपर्यंत कुणालाही विचारा. पहिलीला ‘दादा, दुसरी द्या’ असं ऐकावं लागेल आणि दुसरी बहुधा गल्ल्यात जाईल. रिझर्व्ह बँकेचे नियम मात्र पहिलीला ‘सॉइल्ड’ म्हणतात आणि दुसरीला ‘म्युटिलेटेड’. पहिलीचे पूर्ण पैसे मिळणार हे ठरलेलं आहे. दुसरीचं मोजमाप घ्यावं लागतं, मग निर्णय होतो.

दोन इंग्रजी विशेषणांतला हा फरक व्याकरणाच्या पुस्तकापुरता असता तर त्यावर इतकं लिहिण्याची गरज नव्हती. पण तो कुणाच्या खिशातले अडीचशे रुपये ठेवतो, कुणाचे घालवतो. हा फरक न कळल्यामुळे माणसं धडधडीत पूर्ण किमतीची नोट बाजारातल्या कमिशनवाल्याकडे दहा-वीस टक्के कापून देऊन येतात. ते थांबावं असं मला मनापासून वाटतं.

आधी शब्द पाहू. ‘सॉइल्ड’ म्हणजे मळलेलं. दवाखान्यातली बदलायची चादर सॉइल्ड असते, बाळाचं लंगोट सॉइल्ड असतं. दुकानाच्या काचेत महिनोन्‌महिने टांगून धुळकटलेला शर्ट ब्रिटनमध्ये ‘शॉप-सॉइल्ड’ म्हणून उतरत्या किमतीला विकतात. या शब्दाचा मातीशी, म्हणजे इंग्रजीतल्या दुसऱ्या ‘सॉइल’शी, संबंध असावा असं सहज वाटतं. पण दोन्ही शब्द वेगवेगळ्या वाटांनी इंग्रजीत आले. मळण्याचं क्रियापद जुन्या फ्रेंचमधून आलं आणि त्याचं मूळ अनेक व्युत्पत्तिकार डुकराच्या चिखलात लोळण्यापर्यंत नेतात. ‘म्युटिलेटेड’चं मूळ लॅटिन ‘म्युटिलस’. त्याचा अर्थ शिंगं नसलेला, अवयव तुटलेला. आपल्याकडे गायीला, शेळीला ‘भुंडी’ म्हणतात तसा. म्हणून इंग्रजीत हा शब्द हातपाय तोडलेल्या देहाला लागतो, नाक फोडलेल्या शिल्पाला लागतो, पानं फाडून नेलेल्या ग्रंथालयाच्या पुस्तकाला लागतो. माणसाच्या नावाला डाग लागला तर ते नाव सॉइल्ड होतं. लेखाचे परिच्छेद कुणी मनमानी छाटले तर लेख म्युटिलेटेड होतो. एका शब्दात वस्तू शाबूत असते आणि तिच्यावर काहीतरी चढलेलं असतं, दुसऱ्यात वस्तूतून काहीतरी गेलेलं असतं.

मराठीत आपण नोटेच्या बाबतीत एकच विशेषण वापरतो: फाटकी. चिकटपट्टी लावलेलीही फाटकी, कोपरा गेलेलीही फाटकी, घडीवर विरलेलीही फाटकीच. पण दोन अवस्थांमधला भेद मराठी मनाला अनोळखी नाही. देवघरातली मूर्ती धुळीने, तेलाने काळवंडली तर आपण ती चिंच लावून घासतो आणि पुन्हा पूजेला ठेवतो. तिचं बोट तुटलं तर ती खंडित होते आणि तिचं विसर्जन करतात. मळकी आणि खंडित यांच्यामधली ही रेषा नोटेला लावली की रिझर्व्ह बँकेचा नियम अर्धा समजलाच.

हा विषय नाशिककरांच्या जवळचा आहे, कारण नोट इथे जन्मते. १९२० नंतरच्या काळात हिंदुस्थानची पोस्टाची तिकिटं आणि नोटा इंग्लंडहून छापून आणण्याऐवजी इथेच छापाव्यात असा विचार सरकारने सुरू केला. टांकसाळीचे अधिकारी कर्नल विलिस आणि छपाई-स्टेशनरी खात्याचे अस्कोली यांनी पाहणी केली आणि नाशिक रोडची जागा ठरली. मुंबई फार लांब नाही, रेल्वे दारात, हवा छपाईला मानवणारी. १९२५ मध्ये इंडिया सिक्युरिटी प्रेस सुरू झाली आणि १९२८ मध्ये तिच्या शेजारी करन्सी नोट प्रेस. इथून बाहेर पडलेली पहिली नोट पाच रुपयांची होती. त्या वेळी रिझर्व्ह बँक अस्तित्वातही नव्हती, ती १९३५ मध्ये आली आणि तिच्या नावाची पहिली नोट १९३८ मध्ये. आज देवास, म्हैसूर आणि सालबोनी इथेही नोटा छापतात, पण जेलरोड-उपनगरच्या बाजूला ‘प्रेस’ म्हटलं की दुसरं काही मनात येत नाही. या परिसरातल्या कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या प्रेस कामगार आहेत.

प्रेसमध्ये मात्र सॉइल्ड किंवा म्युटिलेटेड हे शब्द उपयोगाचे नाहीत. तिथे शब्द वेगळा, ‘डिफेक्टिव्ह’. म्हणजे जन्मतःच सदोष: शाई पसरली, छपाई सरकली, कटाई वाकडी झाली. अशी नोट बाहेर जाऊच द्यायची नसते. पूर्वी तिच्या जागी त्याच क्रमांकाची दुसरी नोट छापून बंडल पूर्ण करत. २००६ पासून तिच्या जागी अशी नोट घालतात जिच्या क्रमांकात अक्षरांनंतर एक चांदणी असते. चांदणीची नोट पाहून अनेक जण ती खोटी समजतात. ती शंभर टक्के खरी असते, फक्त बदली म्हणून आलेली असते.

मळणं आणि खंडित होणं हे बाहेर पडल्यानंतरचे भोग. त्यांचा हिशोब रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया कायदा, १९३४ याच्या लागोपाठच्या तीन कलमांत आहे आणि तो वाचताना विशेषणांवर बोट ठेवून वाचावा. कलम २६ म्हणतं की बँकेची नोट वैध चलन आहे आणि तिला केंद्र सरकारची हमी आहे. कलम २७ बँकेला बजावतं की फाटलेल्या, विद्रूप झालेल्या किंवा अति मळलेल्या नोटा पुन्हा वाटू नका. इथे ‘सॉइल्ड’ आला, आणि तो ग्राहकाला नव्हे, बँकेला बांधतो: अशी नोट आत घ्या, पण बाहेर देऊ नका. कलम २८ मध्ये सूर बदलतो. हरवलेल्या, चोरीला गेलेल्या, म्युटिलेटेड किंवा इम्परफेक्ट नोटेची किंमत वसूल करण्याचा कुणालाही हक्क नाही, असं ते स्पष्ट सांगतं. मात्र बँक नियम करून अशा नोटेचे पैसे मेहेरबानी म्हणून देऊ शकते. कायद्यातला मूळ शब्दच ‘ग्रेस’ आहे. आणि या चार विशेषणांच्या यादीत ‘सॉइल्ड’ नाही.

माझ्या मते सगळ्या प्रकरणाचं मर्म इथे आहे. मळलेल्या नोटेवर तुमचा हक्क शाबूत आहे. खंडित नोटेवर हक्क संपला, उरली ती नियमांत बांधलेली मेहेरबानी.

हे नियम म्हणजे २००९ चे ‘नोट रिफंड रूल्स’, २०१८ मध्ये दुरुस्त झालेले. त्यांच्या व्याख्या वाचल्या की सुरुवातीच्या दोन नोटांचा उलगडा होतो. वापरामुळे मळलेली नोट सॉइल्ड. त्यातच पुढे जोडलं आहे की एकाच नोटेचे दोन तुकडे चिकटवलेले असतील, ते मिळून अख्खी नोट होत असेल आणि महत्त्वाचं काही गळालेलं नसेल, तर तीही सॉइल्ड. म्हणजे दोन तुकडे झालेली नोट कायद्याच्या नजरेत ‘फाटकी’ नाही, मळकी आहे. म्युटिलेटेड ती, जिचा भाग गहाळ आहे किंवा जी दोनपेक्षा जास्त तुकड्यांची बनली आहे.

व्याख्येचा हा दुसरा भाग दुकानदाराला माहीत असण्याची शक्यता कमी आणि तो सर्वांत महाग पडतो. दोन तुकडे, काही हरवलेलं नाही: पूर्ण पैसे. त्याच नोटेचे तीन तुकडे, एक कणही हरवलेला नाही: म्युटिलेटेड. आता तिच्यातला सर्वांत मोठा अखंड तुकडा मोजला जाणार. पन्नास रुपये आणि त्यावरच्या नोटेसाठी हा तुकडा नोटेच्या ८० टक्क्यांहून मोठा असेल तर पूर्ण किंमत, ४० ते ८० टक्के असेल तर निम्मी, ४० टक्क्यांच्या खाली शून्य. दोन तुकडे असतील आणि प्रत्येक तुकडा ४० टक्के किंवा जास्त भरत असेल तर पुन्हा पूर्ण किंमत. पाचशेची आजची नोट १५० मिलिमीटर लांब आणि ६६ मिलिमीटर रुंद, म्हणजे ९९ चौरस सेंटिमीटर. अखंड तुकडा ८० चौरस सेंटिमीटर भरला तर पाचशे, ४० भरला तर अडीचशे, त्याखाली काही नाही. उंदराने कुरतडलेला कोपरा नखाएवढा असेल तर दुसऱ्या नोटेचेही पाचशेच मिळतील. पण पाचशेच्या नोटेचे तीन सारखे तुकडे झाले आणि ते कितीही निगुतीने जोडले, तरी नियम अक्षरशः लावला तर एकही तुकडा चाळिशी गाठत नाही.

हे अन्यायाचं वाटेल, पण त्यामागचा हिशोब समजून घेण्यासारखा आहे. समजा कुणी अनेक नोटांमधून एकेक पट्टी कापून घेतली आणि त्या पट्ट्या जोडून एक जास्तीची नोट तयार केली. दोनपेक्षा जास्त तुकड्यांची नोट संशयित धरण्याचं कारण हे. टक्केवारीची रचनाही त्याच बेताची आहे. एका नोटेचे तुकडे वेगवेगळ्या बँकांत, वेगवेगळ्या हातांनी आले तरी मिळून एका नोटेहून जास्त पैसे कधीच जाऊ नयेत. ८१ टक्क्यांचा तुकडा पूर्ण पैसे घेऊन गेला तर उरलेले १९ टक्के कोरडे राहतात. ५५ आणि ४५ असे तुकडे झाले तर दोघांना निम्मे-निम्मे. ६१ आणि ३९ असतील तर एकाला निम्मे, दुसऱ्याला काही नाही. कुठूनही कापा, बेरीज एका नोटेपलीकडे जात नाही. वीस रुपये आणि त्याखालच्या नोटांना निम्मी किंमत नाहीच. सर्वांत मोठा तुकडा निम्म्याहून जास्त असेल तर पूर्ण पैसे, नाहीतर शून्य, कारण निम्म्याहून मोठा तुकडा एकाच माणसाच्या हाती असू शकतो. २०१८ पर्यंत मोठ्या नोटांसाठी पूर्ण किमतीची पायरी ६५ टक्क्यांवर होती, ती ८० वर नेली. त्यामुळे सत्तर टक्के शिल्लक असलेली नोट, जी आधी पूर्ण किमतीची होती, ती निम्म्यावर आली. सामान्य माणसाच्या दृष्टीने हा बदल कठोर झाला, आणि तो त्याच्यापर्यंत पुरेसा पोहोचला नाही असं मला वाटतं.

एके काळी मात्र लोक स्वतःहून नोटा कापत. एकोणिसाव्या शतकात, १८६१ च्या कायद्याने सरकारी कागदी चलन आलं तेव्हा, मोठ्या रकमा पोस्टाने पाठवणं धोक्याचं होतं. मग नोट मधोमध कापायची, एक अर्धा भाग पोस्टात टाकायचा, तो पोहोचल्याचं पत्र आलं की दुसरा अर्धा पाठवायचा. वाटेत कुणी एक भाग चोरला तरी त्याच्या हाती निरुपयोगी कागद. क्रमांक दोन्ही बाजूंना छापलेला असला की दोन भाग एकाच नोटेचे आहेत याची खात्री करता येते. आजच्या नोटेवरही क्रमांक दोन ठिकाणी असतो. पण आजच्या नियमांत मुद्दाम कापलेल्या, फाडलेल्या, फेरफार केलेल्या नोटेचा दावा फेटाळतात. त्या काळची व्यापाऱ्याची हुशारी आज नोटेला म्युटिलेटेडच्याही खालच्या पायरीवर नेईल.

व्याख्यांच्या याच यादीत दोन शेजारी आहेत. ‘इम्परफेक्ट’ म्हणजे धुतली गेलेली, आकसलेली, अक्षरं पुसलेली, वाचता न येणारी. पँटच्या खिशात राहून वॉशिंग मशीनमधून फिरून आलेली आणि छपाई उडालेली नोट या घरात जाते. छपाई अगदीच गेली नसेल आणि नोट खरी असल्याची अधिकाऱ्याची खात्री पटली तर पैसे मिळू शकतात. ‘मिसमॅच्ड’ म्हणजे एका नोटेचा अर्धा आणि दुसरीचा अर्धा जोडून केलेली जोडनोट. म्हणून चिकटपट्टी लावायच्या आधी दोन्ही तुकड्यांवरचे क्रमांक जुळवून पाहावेत.

रंगाचं काय, हा प्रश्न नाशिकमध्ये रंगपंचमीला हमखास येतो. तिवंधा चौकातल्या पेशवेकालीन रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उडी मारताना पाकीट काढून ठेवायचं भान किती जणांना राहतं! बाहेर आलेल्या माणसाचं पाकीट रंगलेलं, आत नोटाही तशाच. अशा नोटा चालत नाहीत ही समजूत घट्ट आहे, पण रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केलं आहे की रंग लागलेल्या किंवा पेनाने काही लिहिलेल्या नोटा वैधच राहतात, बँकांनी त्या सॉइल्ड धरून घ्याव्यात आणि पुन्हा वाटू नयेत. अपवाद राजकीय घोषणा किंवा संदेश लिहिलेल्या नोटांचा. तिथे दावा फेटाळला जातो. वस्तू शाबूत आहे आणि वर काहीतरी चढलं आहे, हा शब्दकोशातला अर्थ इथे तंतोतंत लागू पडतो.

नोटा मळण्याला बँकांचाही हातभार होता. पूर्वी नव्या नोटांची बंडलं जाड स्टेपलने शिवलेली येत आणि ती उसवताना वॉटरमार्कच्या जागी भोकं पडत. १९९९ मध्ये गव्हर्नर बिमल जालान यांच्या काळात स्वच्छ नोटांचं धोरण जाहीर झालं आणि २००१ मध्ये स्टेपल मारण्यावर बंदी आली. तेव्हापासून बंडलांना कागदी पट्टी असते. आत घेतलेल्या मळक्या नोटा रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयांत यंत्रांवर तपासल्या जातात, त्यांचा चुरा करून दाबून विटा करतात. २०२२-२३ आणि २०२३-२४ या दोन्ही वर्षांत अशा दोन हजार कोटींहून जास्त नोटा निकालात निघाल्या. या आकड्याचं शीर्षक बँकेच्या वार्षिक अहवालात ‘सॉइल्ड’ नोटांची विल्हेवाट असं असतं. काउंटरवर काटेकोर असलेला शब्द अहवालात सैल होऊन सगळ्यांना पोटात घेतो. असं शब्दांचं होतं.

अमेरिकेने रेषा थोडी दुसरीकडे ओढली आहे. तिथे मळलेली, जुनाट नोट ‘अनफिट’, आणि ‘म्युटिलेटेड’ म्हणजे निम्मी किंवा त्याहून कमी उरलेली, किंवा जिची किंमत ठरवायला तज्ज्ञ लागतील अशी. निम्म्याहून जास्त उरलेली नोट साध्या बँकेतच बदलून मिळते. बाकीच्या वॉशिंग्टनला, नोटा छापणाऱ्या संस्थेकडेच जातात: जळालेल्या, पुरात सापडलेल्या, जमिनीत पुरून कुजलेल्या. छापणारे हातच तपासतात, ही व्यवस्था मला सयुक्तिक वाटते, पण आपल्याकडे तसं नाही.

इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापल्या जाणाऱ्या पासपोर्टलाही असाच भेद लागतो, पण तिथे विशेषण एकच आहे, ‘डॅमेज्ड’, आणि फरक त्याच्या आत केला आहे. क्रमांक वाचता येतो, नाव दिसतं आणि फोटो शाबूत आहे, तर अंशतः खराब. यातलं काही गेलं असेल तर ओळखण्यापलीकडे खराब, आणि अर्जाची वाट कठीण. मळलं किती याला महत्त्व नाही, महत्त्वाचं काही गेलं का, हाच प्रश्न.

आता व्यवहाराचं. सॉइल्ड नोटा, म्हणजे दोन तुकडे जोडलेल्या धरून, कोणत्याही बँकेच्या शाखेत बदलून मिळतात. तिथे तुमचं खातं असण्याची गरज नाही. एका दिवसात वीस नोटा आणि पाच हजार रुपयांपर्यंत काउंटरवर, विनाशुल्क. त्याहून जास्त असतील तर शाखा पावती देऊन घेते आणि पैसे मागाहून देते. म्युटिलेटेड नोटांचा निवाडाही शाखेतच व्हायला हवा. काउंटरवर ‘फाटक्या नोटा घेत नाही’ असं ऐकू आलं तर वाद न घालता ‘साहेब, ही दोन तुकड्यांची आहे, सॉइल्डमध्ये बसते’ एवढं सांगावं. नेमका शब्द उच्चारला की समोरच्यालाही नियम आठवतो.

फक्त एका प्रकारच्या नोटा शाखा घेत नाही: जळून कोळसा झालेल्या, हात लावताच चुरणाऱ्या, एकमेकींना चिकटून गठ्ठा झालेल्या. त्यांचा निवाडा रिझर्व्ह बँकेच्या निर्गम कार्यालयात विशेष पद्धतीने होतो. नाशिकला असं कार्यालय नाही. महाराष्ट्रात ती मुंबई, बेलापूर आणि नागपूर इथे आहेत. ज्या गावात नोट छापली त्याच गावातल्या माणसाला तिचा शेवटचा निवाडा घ्यायला बेलापूरला जावं लागतं. जाताना गठ्ठा सोडवू नये, राख झटकू नये, तुकडे सरळ करायला जाऊ नये. ज्या डब्यात किंवा पिशवीत नोटा जळाल्या त्यासकट न्याव्यात, कारण तिथेही प्रश्न तोच असतो की मूळ नोटेतलं उरलं किती.